मोहरीएवढी बटणं: फोर-के मॉनिटरवर डिझाइनचं सॉफ्टवेअर बारीक का दिसतं?

२०२५ च्या दिवाळी अंकाची पानं लावून घ्यायला मी आमच्या नेहमीच्या डीटीपीवाल्या काकांकडे गेलो, तर काका मॉनिटरला नाक लावून बसलेले. टेबलावर नवाकोरा २७ इंची फोर-के मॉनिटर, शेजारी जुना २४ इंची अजून जोडलेलाच, आणि काकांच्या डाव्या हातात भिंग.

"काय शोधताय?"

"अक्षरं टाइप करायचं टूल," मान न वळवता काका म्हणाले. "वीस वर्षं न बघता हात जायचा त्याच्यावर. आता बघूनही सापडत नाही. पदरचे पैसे मोजून मॉनिटर मोठा घेतला आणि सॉफ्टवेअर बारीक झालं."

पुतण्याने मध्ये पडून विंडोजच्या सेटिंगमध्ये १०० टक्क्यांचे १५० केले. टूलबॉक्स मोठा झाला, काका खूश झाले, आणि मिनिटभरात पानावरचा फोटो बघून ओरडले, "अरे, हा पाण्यात भिजला की काय?" सगळंच धूसर. टूल दिसावं तर फोटो जातो, फोटो दिसावा तर टूल जातं. अंक छपाईला जायला चार दिवस राहिलेले.

हा घोळ काकांचा एकट्याचा नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे बऱ्याच जणांनी मशीन बदललं, मशीनबरोबर नवा मॉनिटर आला, सॉफ्टवेअर मात्र तेच राहिलं, कारण हात त्याच्यावर बसलेला. फ्लेक्सवाले, लग्नपत्रिकावाले, आर्किटेक्टच्या ऑफिसातले ड्राफ्ट्समन, सगळ्यांचं रडगाणं एकच. ‘मॉनिटरच खराब निघाला’ म्हणून खोक्यात घालून परत करायला निघालेला माणूसही मी पाहिलाय. मॉनिटर चांगलाच असतो. गडबड आहे ती चाळीस वर्षांपूर्वीच्या एका गृहीतकात, आणि ती समजायला रांगोळी पुरते.

## आधी ठिपके मोजू

अकरा ठिपके, अकरा ओळींची रांगोळी घ्या. आजीकडे छिद्रांचा कागद असायचा, उदबत्तीने एकेक भोक पाडलेला. तो जमिनीवर ठेवायचा, वरून हाताने रांगोळी फिरवायची, कागद उचलला की ठिपके तयार. पुढची कृती ठिपक्यांतच सांगतात: तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत रेघ, तिथून खाली दोन. इंच-सेंटिमीटर कोणी बोलत नाही. भोकं इंचाच्या अंतरावर असतील तर रांगोळी ताटाएवढी होते. कोणी अर्ध्या इंचावर पाडली तर कृती तीच, ठिपके तेवढेच, पण रांगोळी बशीएवढी.

मॉनिटरवरचा एक ठिपका म्हणजे पिक्सेल. एका इंचात किती पिक्सेल बसतात, तो आकडा म्हणजे पीपीआय. विंडोज त्यालाच डीपीआय म्हणतं. आपण एकच समजू.

फुल एचडी मॉनिटरवर १९२० × १०८० म्हणजे जवळपास २१ लाख पिक्सेल असतात. फोर-केवर ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. बरोबर चौपट. पण काचेचा आकार चौपट होत नाही, म्हणून ठिपके दाट बसवावे लागतात. २४ इंची फुल एचडीला इंचात ९२ पिक्सेल, २७ इंची फोर-केला १६३, आणि १५.६ इंची फोर-के लॅपटॉपला २८२.

आता जुन्या धाटणीचा टूलबॉक्समधला आयकॉन घ्या, १६ पिक्सेल रुंदीचा. काकांच्या जुन्या मॉनिटरवर तो ४.४ मिलिमीटर भरतो, साधारण तुरीच्या दाण्याएवढा. नव्या मॉनिटरवर २.५ मिलिमीटर. आणि तेच सॉफ्टवेअर फोर-के लॅपटॉपवर उघडलं तर १.४ मिलिमीटर, म्हणजे मोहरी. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर आयकॉनचा दहावा हिस्साच उरला. त्यावर माउसचा बाण नेऊन बरोबर क्लिक करायचं म्हणजे सुईत दोरा ओवण्याचाच प्रकार, तोही दिवसातून पाचशे वेळा.

## ९६ आकडा आला कुठून?

१९८४ साली अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आला, तेव्हा त्याच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते. हा योगायोग नव्हता. छपाईच्या धंद्यात अक्षरं पॉइंटमध्ये मोजतात आणि एका इंचात ७२ पॉइंट धरतात. एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट, हिशेब सोपा. पडद्यावर दिसतं तेवढंच कागदावर छापून येईल.

मायक्रोसॉफ्टने वेगळा विचार केला. कागद आपण हातात धरून वाचतो, पडदा त्याहून लांब असतो, तेव्हा पडद्यावर अक्षर थोडं मोठं हवं. त्यांनी तेच अक्षर एकतृतीयांशाने मोठं काढायचं ठरवलं. ७२ चे ९६ झाले. विंडोजने मानलं की इंचाला ९६ पिक्सेल.

पुढची वीसेक वर्षं हे गृहीतक फार चुकलंच नाही. २००० नंतर घरोघरी आलेले १७ इंची सपाट मॉनिटर आठवा, १२८० × १०२४ वाले. त्यांचं गणित मांडलं तर इंचाला ९६ च पिक्सेल येतात. मग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने कशाला डोकं शिणवायचं? ‘बटण २४ पिक्सेल रुंद, डावीकडून ८ पिक्सेल सोडून,’ असं लिहून तो मोकळा व्हायचा. पिक्सेल हेच मोजमाप झालं, जसं रांगोळीत ठिपका. पुढे ठिपके दाट होतील याची चाहूल नव्हती असं मात्र नाही. आयबीएमने २००१ मध्येच टी२२१ नावाचा २२ इंची मॉनिटर काढला होता, इंचाला २०४ पिक्सेलचा. पण तो एवढा महाग होता की इस्पितळं नि प्रयोगशाळांच्या बाहेर कोणाच्या टेबलावर येण्याची शक्यता नव्हती. घर जळत नव्हतं, म्हणून विहीर कोणी खणली नाही.

आग लागली ती फोनमुळे. २०१० च्या आयफोन ४ ला इंचाला ३२६ पिक्सेल होते. अक्षरं छापल्यासारखी दिसायला लागली, आणि असाच पडदा लॅपटॉपवरही हवा, अशी मागणी आली.

## स्केलिंग म्हणजे काय, आणि दीड ठिपका कुठून आणायचा?

ठिपके दाट झाले तरी रांगोळी ताटाएवढीच हवी असेल तर एका ठिपक्याच्या जागी जास्त ठिपके वापरायचे. या वाढवण्यालाच स्केलिंग म्हणतात. २०० टक्के म्हणजे आडवे दोन, उभे दोन, एकाच्या जागी चार. हे सोपं आहे, कारण सगळं पूर्णांकात बसतं.

पंचाईत १५० टक्क्यांना होते. एक पिक्सेल जाडीच्या रेघेला आता दीड पिक्सेल जाडी हवी. अर्धा ठिपका रांगोळीत टाकता येत नाही आणि पडद्यावरही नाही. मग दोनच मार्ग उरतात. रेघ कुठे एक तर कुठे दोन पिक्सेलची काढा, म्हणजे ती ओबडधोबड दिसेल. नाही तर एक पिक्सेल पूर्ण काळा, शेजारचा करडा अशी लबाडी करा, म्हणजे ती धूसर दिसेल. १२५ आणि १७५ टक्क्यांनाही हेच. आणि २७ इंची फोर-केला विंडोज स्वतःहून सुचवतं तो आकडा १५० हाच असतो.

मराठीला याचा फटका जरा जास्त बसतो, असं माझं निरीक्षण आहे. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात. आपली अख्खी ओळ शिरोरेखेला टांगलेली. लहान आकारात ती शिरोरेखा एकाच पिक्सेलची असते, आणि ती करडी पडली की ओळच्या ओळ विझल्यासारखी वाटते. अनुस्वार पुसट होतो, रफार मात्रेत मिसळतो, ‘द्ध’ आहे की ‘द्व’ ते अंदाजाने वाचावं लागतं. प्रूफ पडद्यावर तपासणाऱ्याने अशा वेळी तपासूच नये; छापून घ्यावं.

वाढवण्याच्याही दोन रीती आहेत. रांगोळीचा पत्र्याचा छापा मिळतो ना, लक्ष्मीच्या पावलांचा? तो आहे तेवढाच. मोठी पावलं हवीत म्हणून पत्रा ताणता येत नाही. उलट ज्या बाईच्या हातात रांगोळी आहे ती तीच पावलं बोटभरही काढेल आणि हातभरही, कडा तशाच रेखीव. सॉफ्टवेअरमधले जुने आयकॉन छाप्यासारखे असतात, कोणा चित्रकाराने एकेक पिक्सेल भरून केलेले. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते रेषांच्या सूत्राने लिहिलेले असतात, हव्या त्या मापात नव्याने काढून मिळतात. पहिल्या जातीला बिटमॅप म्हणतात, दुसरीला व्हेक्टर. डिझाइनवाल्यांना हे दोन शब्द रोजचेच. गंमत अशी की व्हेक्टर काढून देणाऱ्या कित्येक सॉफ्टवेअरची स्वतःची बटणं वर्षानुवर्षं बिटमॅपच होती.

## विंडोजचं सभ्य खोटं

जुन्या सॉफ्टवेअरला ९६ खेरीज दुसरं काही कळत नाही, हे विंडोजला ठाऊक आहे. म्हणून २००७ च्या व्हिस्टापासून ते एक युक्ती करतं. मधुमेह झालेल्या आजोबांना बिनसाखरेचा चहा ‘साखर घातलीय हो’ म्हणत द्यावा, तसं ते सॉफ्टवेअरला सांगतं: पडदा ९६ चाच आहे, तू निवांत काढ. सॉफ्टवेअर आपल्या समजुतीने लहान चित्र काढून देतं. विंडोज ते चित्र घेतं आणि फोटो ताणावा तसं ताणून पडद्यावर लावतं. काकांचा फोटो भिजला तो इथे.

ज्या सॉफ्टवेअरला हे खोटं नको असतं ते आधीच कळवतं की मला खरी घनता सांग, माझं मी बघतो. या कळवण्याला डीपीआय अवेअरनेस म्हणतात. त्यात पुन्हा दोन तऱ्हा. काही सॉफ्टवेअर फक्त सुरुवातीला विचारतं, मुख्य मॉनिटर केवढ्याचा? तेच उत्तर धरून बसतं. विंडो दुसऱ्या मॉनिटरवर ओढली की तिथलं माप वेगळं असल्यामुळे विंडोज परत ताणाताणी करतं. सेटिंग बदलल्यावर ‘एकदा साइन आउट करून या’ असा सल्ला मिळतो तो यामुळेच. ते उत्तर लॉगिनच्या वेळी ठरतं. दुसरी तऱ्हा शहाणी. प्रत्येक मॉनिटरचं माप वेगळं विचारते आणि विंडो सरकली की स्वतःला नव्याने मांडते. ही सोय विंडोजमध्ये २०१३ च्या ८.१ पासून आली, पण मेनू, डायलॉग, स्क्रोलबार यांचंही आपोआप जमायला २०१७ चं विंडोज १० क्रिएटर्स अपडेट उजाडलं.

## वर्ड नीट दिसतं, मग डिझाइनच्याच सॉफ्टवेअरला काय धाड भरली?

लोकांना खरा राग येतो तो इथे, आणि बहुतेक ठिकाणी याचं उत्तर ‘ते जुनं आहे’ एवढंच मिळतं. ते अर्धंच खरं आहे.

सोनाराकडे जा. त्याचा काटा गुंजेचा फरक दाखवणारा हवा. पण म्हणून कोणी त्याची हातोडी गुंजेएवढी करत नाही. हातोडी हातात मावेल अशीच लागते. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच विंडोत हे दोन्ही नांदतात. मधला भाग म्हणजे काम: फोटो, पान, नकाशा. भोवतीचा भाग म्हणजे हत्यारं: टूलबॉक्स, पॅनेल, मेनू. कामाला खरे पिक्सेल हवेत. फोटोतला एक पिक्सेल पडद्यावरच्या एकाच पिक्सेलवर पडला तरच फोटो शार्प आहे की हलला ते कळतं. हत्यारांना पिक्सेलशी देणंघेणं नाही, त्यांना मिलिमीटर हवेत. बोटाला आणि डोळ्याला पुरतील एवढे.

वर्डसारख्या सॉफ्टवेअरला हा पेच पडत नाही. त्याच्या पानावर बहुतांशी अक्षरं असतात, आणि अक्षर कुठल्याही मापात नव्याने काढता येतं. पान आणि मेनू दोन्ही दीडपट केले तरी बिघडत नाही.

फोटोच्या सॉफ्टवेअरने मात्र विंडोजचं खोटं स्वीकारलं तर काम धूसर होतं. नाकारलं तर काम स्वच्छ, पण मग हत्यारं स्वतः मोठी करायची जबाबदारी अंगावर येते. आणि इथे बऱ्याच जणांनी निम्मंच केलं. २०१२ चं फोटोशॉप सीएस६ याचं ठळक उदाहरण. त्याने विंडोजला कळवलं की ताणू नकोस, म्हणून फोटो झकास दिसायचा; पण टूलबॉक्सचे छापे तेच जुने. वर्ष-दोन वर्षांत १३ इंची, ३२०० × १८०० पडद्याचे लॅपटॉप आले, तेव्हा त्यांवर हा टूलबॉक्स मुंगळ्यांची रांग दिसायचा. लोकांनी तोडगा काढला तो असा, की एक छोटी फाइल शेजारी ठेवून विंडोजला सांगायचं, ‘हा उगाच शहाणपणा करतोय, तू ताणच.’ टूल्स दिसू लागायची, फोटो भिजायचा. बारा वर्षांनी काकांच्या दुकानात मी तेच नाटक पाहिलं.

हत्यारं मोठी करणं म्हणजे सगळे आकडे दोनने गुणले की झालं, असंही नाही. ही सॉफ्टवेअर पंचवीस-तीस वर्षं वाढलेली वाड्यासारखी असतात. एक खण मूळ मालकाचा, एक मधल्या भावाने काढलेला, मागची पडवी भाडेकरूची. बटणं बहुधा विंडोजची नसून घरची, स्वतः रंगवलेली, त्यामुळे विंडोजची आयती सोय त्यांना मिळत नाही. हजारो ठिकाणी पिक्सेलचे आकडे लिहून ठेवलेले. वर प्लग-इन, म्हणजे दुसऱ्या कंपनीने लिहून आत बसवलेलं जोडकाम. डीपीआयचं उत्तर बरीच वर्षं अख्ख्या सॉफ्टवेअरला मिळून एकच द्यावं लागे. मालक शहाणा झाला तरी प्लग-इन अडाणी राहिलं की त्याचा डायलॉग फाटायचा. अक्षरं मोठी, चौकट तेवढीच, आणि ‘ओके’चं बटण चौकटीच्या बाहेर गडप. असं झालं तर एंटर दाबून बघा, बरेचदा काम होतं. पेन टॅब्लेटवाल्यांचं आणखी वेगळं: पेनचं टोक इथे आणि रेघ चार बोटं पलीकडे.

## मग कंपन्या इतकी वर्षं झोपल्या होत्या का?

अगदीच झोपल्या नव्हत्या, पण उठायला वेळ लावला. २०१४ च्या फोटोशॉप सीसीमध्ये विंडोजसाठी ‘दुप्पट करा’ अशी प्रायोगिक सोय आली. १०० नाही तर २००, मधलं काही नाही. म्हणजे चपलेत पाचनंतर एकदम दहा नंबर. १०० ते ४०० टक्के, पंचवीस-पंचवीसच्या पायरीने, आणि मॉनिटरप्रमाणे वेगळं, हे जमलं २०१७ अखेरच्या फोटोशॉप सीसी २०१८ मध्ये, तेही क्रिएटर्स अपडेट आल्यावर. आर्किटेक्टांच्या आराखड्यांच्या ऑटोकॅडने २०१८ च्या आवृत्तीत फोर-के मॉनिटरवरचा कर्सर आणि आयकॉन सुधारले. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोच्या जिम्पने २०१८ च्या २.१० मध्ये आयकॉन लहान-मोठे करायची सोय दिली, पण पाया बदलला तो २०२५ च्या ३.० मध्ये. व्हेक्टर चित्रं काढणाऱ्या इंकस्केपचा पाया २०२० च्या १.० मध्ये बदलला.

या सगळ्याच्या आधीची आवृत्ती तुम्ही वापरत असाल तर तिला कोणी दुरुस्त करायला येणार नाही. आणि आपल्याकडे बरीच दुकानं त्याच आवृत्त्यांवर चालतात. त्याला नुसता कंजूसपणा म्हणणं मला पटत नाही. जुन्या फाँटांमध्ये रचलेल्या हजारो फायली असतात. नव्या आवृत्तीत उघडल्या की जोडाक्षरं फुटतात. नव्या आवृत्तीचं दर महिन्याचं भाडं परवडेल, पण वीस वर्षांचा संग्रह पुन्हा टाइप कोण करणार?

## मॅकवर असं काही होत नाही म्हणतात

कमी होतं. अ‍ॅपलने जून २०१२ मध्ये रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आणला, तेव्हा दीडपटीच्या भानगडीत न पडता पिक्सेल सरळ दुप्पट दाट केले. सगळा हिशेब पूर्णांकात. तरी तिथल्या डिझाइनरांनाही काही महिने भिजके फोटो पाहावे लागलेच. फोटोशॉपचा रेटिनासाठीचा अपडेट त्याच वर्षी डिसेंबरात आला.

मॅकला बाहेरचा २७ इंची फोर-के मॉनिटर जोडला की मात्र पूर्णांक सुटतो. तेव्हा मॅक वेगळी युक्ती करतो. पडद्यावर मावणार नाही एवढं मोठं, ५१२० × २८८० चं चित्र मनातल्या मनात काढतो आणि ते आक्रसून ३८४० × २१६० मध्ये बसवतो. लहान फोटो ताणण्यापेक्षा मोठा फोटो लहान करणं कधीही बरं दिसतं. पण एक कोटी सत्तेचाळीस लाख पिक्सेल सतत काढायचे म्हणजे ग्राफिक्स कार्डावर भार, आणि एक पिक्सेलची रेघ एकाच पिक्सेलवर पडेल याची खात्री तिथेही गेली.

## रिझोल्यूशनच कमी करून टाकलं तर?

पहिला सुचणारा उपाय, आणि दुकानदारही हाच सांगतात. फोर-केवर १९२० × १०८० लावलं तर बटणं मोठी होतात हे खरं. पण ८३ लाखांचे पैसे देऊन २१ लाखच वापरायचे, म्हणजे चौपदरी रस्ता बांधून एका पदराने गाड्या सोडण्यासारखं झालं. हिशेबाने एकाचे चार पिक्सेल व्हायचे, म्हणजे निदान कडा तरी स्वच्छ हव्यात. बहुतेक मॉनिटर तेव्हाही आपल्या पद्धतीने थोडं पुसतातच. २५६० × १४४० लावलंत तर पुन्हा दीड ठिपक्याचं दुखणं. चार दिवस निभावायला ठीक.

## छापून वेडंवाकडं येईल का?

नाही. स्केलिंग पडद्यापुरतं असतं, फाइलला त्याचा स्पर्श होत नाही. फाइलमधली मापं मिलिमीटरमध्ये असतात, आणि ऑफसेट छपाईसाठी मागतात ते ‘३०० डीपीआय’ फोटोचे असतात. मॉनिटरच्या आकड्याशी त्यांचा संबंध नाही.

धोका आडवळणाने येतो. ताणलेल्या पडद्यावर फोटो धूसर दिसतो, म्हणून ऑपरेटर त्याला शार्पन मारतो, मग आणखी थोडा मारतो. कागदावर चेहऱ्याभोवती पांढरी कड उमटते आणि केसांची तार होते. तेव्हा पडदा ताणलेला आहे असा संशय असेल तर शार्पनला हात लावू नका.

दुसरी फसगत १०० टक्के झूमची. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये १०० टक्के म्हणजे खरा आकार नव्हे. फोटोचा एक पिक्सेल, पडद्याचा एक पिक्सेल, एवढाच त्याचा अर्थ. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो जुन्या २४ इंची मॉनिटरवर ३३ सेंटिमीटर दिसायचा, नव्या २७ इंचीवर तो १९ च्या आत येतो. आणि ब्राउझर स्केलिंग मानतो, त्यामुळे १५० टक्क्यांना तोच फोटो वेबसाइटवर २८ सेंटिमीटर. ‘मी लहान केलेला फोटो साइटवर मोठा कसा?’ या भांडणाचं मूळ हे. खरा आकार बघायचाच असेल तर सॉफ्टवेअरला मॉनिटरची घनता सांगावी लागते. कोरलड्रॉमध्ये त्यासाठी पट्टी जुळवायची सोय आहे. जुळवल्यावर ८५.६ × ५४ मिलिमीटरचा चौकोन काढा आणि पडद्यावर एटीएम कार्ड टेकवा. कडेला कड लागली की जमलं.

## आता करायचं काय?

आधी सॉफ्टवेअरच्याच प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेस किंवा यूआय स्केलिंग आहे का बघा. असेल तर तुमचा प्रश्न तिथेच संपला.

नसेल तर त्या एका सॉफ्टवेअरपुरता विंडोजचा वागणुकीचा नियम बदलता येतो. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथे तीन पर्याय मिळतात. ‘अ‍ॅप्लिकेशन’ म्हणजे विंडोजने हात लावायचा नाही. स्वच्छ पण बारीक. ‘सिस्टिम’ म्हणजे ताणायचं. मोठं पण धूसर. ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ हा मधला, जुन्या पद्धतीने काढलेली अक्षरं नव्याने रेखतो आणि चित्रं ताणतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला हा तिसरा वरदान आहे. डिझाइनला लावून पाहायला हरकत नाही, चालेलच असं नाही. बदलल्यावर सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा.

मॉनिटर अजून घ्यायचा असेल आणि सॉफ्टवेअर जुनंच राहणार असेल तर ‘के’च्या मागे लागू नका, पीपीआय काढा. २७ इंची २५६० × १४४० ला इंचात १०९ पिक्सेल पडतात. १०० टक्क्यांवर सगळं जुन्यासारखं दिसेल. फोर-केच हवा असेल तर ४३ इंचीला १०२ पडतात, फक्त टेबल तेवढं खोल हवं. १५ इंची फोर-के लॅपटॉप जुन्या सॉफ्टवेअरसाठी घेणं मात्र डोळ्यांवर सूड उगवण्यासारखं.

काकांचं निभावलं ते त्यांच्या टेबलावर दोन मॉनिटर होते म्हणून. दोन्ही १०० टक्क्यांवर ठेवले, त्यामुळे विंडोजला कुठेच ताणायला वाव उरला नाही. टूलबॉक्स, रंगांची पट्टी, फाँटचं पॅनेल हे सगळं सुटं करून जुन्या २४ इंचीवर ओढलं. तिथे ते पूर्वीएवढंच दिसतं. पान एकटं नव्या फोर-केवर, एकेक पिक्सेल खरा. हत्यारं एका पाटावर, काम दुसऱ्या. पहिले दोन दिवस मान डावी-उजवी करून दुखली, अशी कुरकुर झाली. तिसऱ्या दिवशी मी प्रूफ आणायला गेलो, तर जुना मॉनिटर उजवीकडून उचलून डावीकडे ठेवलेला, जिकडे वीस वर्षं टूलबॉक्स असायचा, आणि काका त्याच्याकडे न बघता काम करत होते.